कापड जाईल, पण रंग जाणार नाही

साडीच्या दुकानात बायका किती वेळ घालवतात, या विषयावर महाराष्ट्रात आता नवा विनोद शिल्लक राहिलेला नाही. मलाही त्यात भर घालायची नाही. मला कुतूहल आहे ते त्या दोन-अडीच तासांच्या शेवटी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचं. गादीवर साठ-सत्तर साड्यांचा ढीग पडलेला असतो, दुकानातला पोरगा घड्या घालून घालून अर्धमेला झालेला असतो, आणि नवरे मंडळी पंख्याखालच्या स्टुलांवर बसून कॅलेंडरातल्या लक्ष्मीकडे करुण नजरेने पाहत असतात. अखेर एक साडी बाजूला काढली जाते. आणि मग, पर्स उघडण्याच्या अगदी आधी, ती सनातन शंका येते, "रंग जाणार नाही ना हो?"

दुकानदार जणू याच प्रश्नासाठी जन्माला आलेला असतो. तो छातीवर हात ठेवून सांगतो, "वहिनी, कापड जाईल, पण रंग जाणार नाही!"

हे वाक्य मी लक्ष्मी रस्त्यावर ऐकलं आहे, दादरला ऐकलं आहे, पार इंदूरलाही ऐकलं आहे. त्यावर आजवर एकाही वहिनीने 'कापड गेल्यावर रंग राहणार कुठे?' असा उलट सवाल केलेला नाही. गीतेत भगवंतांनी देहाला जुन्या वस्त्राची उपमा दिली. वस्त्र टाकायचं, आत्मा राहतो. आमच्या दुकानदाराने आत्म्याच्या जागी रंग बसवला आणि दोन हजारांची साडी खपवली, इतकाच फरक.

बरं, हा प्रश्न बायका फक्त साडीलाच विचारतात. लग्न ठरवताना मुलाची पत्रिका पाहतात, पगार पाहतात, मंगळ आहे का पाहतात, जुन्या काळी चष्म्याचा नंबरही विचारायचे. पण 'मुलाचा रंग जाणार नाही ना?' असं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नाही म्हणायला एकदा आमच्या हिने लग्नातला फोटो आणि मी असे दोघे शेजारी धरून पाहिले होते आणि काही न बोलता फोटो परत भिंतीला टांगला होता.

मराठीत या प्रकाराला मोठं मार्मिक क्रियापद आहे : विटणे. रंग विटतो आणि माणूसही विटतो. कुणी संसाराला विटतं, कुणी नोकरीला. एकाच शब्दात आपल्या पूर्वजांनी धुणं आणि वैराग्य दोन्ही वाळत घातलं. दुसरीकडे, वयाचा मोठेपणा सांगायची आपली भाषाही हवामानखात्याची आहे. "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी!" असं वडीलधारी माणसं दरडावून सांगतात. आता, पावसाळे पाहिल्याने भिंतीचं काय होतं ते आपण रोज बघतो. मग माणसाचंच काय भलं होत असेल? ऊन-पाऊस खाऊनही जो जसाच्या तसा राहिला तो थोर, की ज्याच्यावर त्या ऊन-पावसाची खूण उमटली तो खरा? विटणं हा दोष आहे का? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे, आणि त्यापायी मी पुष्कळ लोकांना छळलं आहे.

त्यातले पहिले म्हणजे आमचे एक स्नेही. त्यांची सगळी हयात कापड गिरणीच्या रंगखात्यात गेली. ते मला म्हणाले, "अहो, रंग म्हणजे उजेडाची खादाडी. पांढऱ्या उन्हातला काही भाग रंग खातो, उरलेला टाकून देतो. तो टाकलेला भाग आपल्याला दिसतो. लाल साडी निळा-हिरवा उजेड खाते, लाल परत करते. आता, खाल्लेलं पचायला हवं की नको? बहुतेक वेळा पचतं, त्याची ऊब होऊन निघून जाते. पण लाखात एखाद्या वेळी पचत नाही. तेवढ्या शक्तीने रंगाचा कणच मोडतो. हवेतला प्राणवायू आणि दमटपणा तर टपलेलेच असतात. कण मोडला की त्याची उजेड खायची ताकद गेली, म्हणजे रंग गेला."

म्हणजे पाहा, रंग ज्या गुणामुळे रंग असतो, त्याच गुणापायी तो मरतो. उजेड खाल्ला नाही तर दिसणार नाही; खाल्ला तर एक दिवस संपणार. ज्या उजेडात आपण साडी 'काय सुरेख आहे' म्हणून बघतो, तोच उजेड तिला आतून कुरतडत असतो. मी हे ऐकून जरा गंभीर झालो. स्नेह्यांनी चहा मागवला.

चहाबरोबर त्यांनी मला एक चीज दाखवली. निळ्या लोकरी कापडाच्या आठ पट्ट्या, पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेल्या. रंग उन्हात किती टिकतो हे मोजण्याची ही जगभर मानलेली मोजपट्टी. पहिली पट्टी लवकर विटते, दुसरी साधारण तिच्या दुप्पट वेळाने, तिसरी तिच्या दुप्पट, असं करत करत आठवी म्हणजे चिरंजीव. नव्या कापडाचा तुकडा या पट्ट्यांच्या शेजारी अर्धा झाकून उन्हात ठेवायचा आणि तो कितव्या पट्टीबरोबर विटतो ते बघायचं. पाचवीबरोबर विटला तर त्याला पाच गुण.

मला त्यातली गंमत अशी वाटली, की इथे मोजपट्टीच विटते! फूटपट्टी दर उन्हाळ्यात इंचभर आखडायला लागली तर आपण ती फेकून देऊ. पण या पट्ट्यांचं सगळं मोल त्या ठरल्या वेळी विटतात यातच आहे. न विटणारी मोजपट्टी इथे कुचकामाची. आयुष्यात आपल्याला अशी माणसं भेटलेली असतात. मनावर परिणाम व्हायला हवा त्या वेळी तो होतो, आणि चेहऱ्यावर दिसतोही. अशा माणसाच्या तोंडाकडे बघून गावाला कळतं, की यंदा दुष्काळ किती कडक होता. आणि दुसरी असतात आठव्या पट्टीवाली. शेजारी आग लागली तरी यांच्या कपाळावर आठी नाही. त्यांना आपण 'स्थितप्रज्ञ' म्हणतो, कारण दुसरा शब्द तोंडावर म्हणता येत नाही.

"पण पक्का रंग म्हणजे पक्काच ना?" मी विचारलं. स्नेह्यांनी हात झटकला. "कशाला पक्का ते आधी सांगा. पाण्याला, घामाला, घासण्याला की उन्हाला?" मग त्यांनी मला रंगांचा सामाजिक इतिहास ऐकवला. काही रंग कापडात नुसते भाडेकरूसारखे राहतात, पाणी आलं की सामान उचलतात. काहींना तुरटीसारखा मध्यस्थ लागतो; तो एक हात कापडाला देतो, एक रंगाला, आणि स्थळ जमवतो. मंजिष्ठेचा लाल असाच जमवावा लागतो. नीळ निराळ्या स्वभावाची; विरघळलेल्या रूपात धाग्यात शिरते आणि आत जाऊन हवा लागली की घट्ट होऊन बसते, बाहेर यायचं नाव नाही. आणि १९५६ साली असे रंग बाजारात आले, की ते सुती धाग्याशी रीतसर रासायनिक गाठच मारतात. "म्हणजे रजिस्टर्ड लग्न," स्नेही म्हणाले, "धुवा, उकळा, सुटायचं नाही. पण उन्हात? तिथे लग्नाची गाठ उपयोगी पडेलच असं नाही. गाठ सुटत नाही, माणूसच आतून विटतो."

पाण्याला पक्का आणि उन्हाला कच्चा कसा असतो, हे कळायला गिरणीत जायची गरज नाही. आमटी सांडलेला पांढरा सदरा पुरे. हळदीचा डाग साबणाने जात तर नाहीच, उलट साबण लागताच लालभडक होऊन घरच्या माणसावर डोळे वटारतो. कितीही घासा, तो हलत नाही. आणि तोच सदरा दोरीवर दोन दिवस कडक उन्हात टाका. डाग मुकाट्याने निघून जातो. हळदीसारखा रंग पाण्याला भीक घालत नाही, पण उन्हापुढे हात जोडतो. लग्नात नवरानवरीला आपण हाच रंग लावतो. शास्त्रकारांनी त्यात काही सुचवलं असेल तर ते त्यांनाच ठाऊक.

दुसरा धडा मला आमच्या सोसायटीने दिला. इमारतीला बाहेरून रंग द्यायचा होता. सभा भरली. कंपनीचा टाय लावलेला मुलगा शेड कार्ड घेऊन आला होता. त्याने सात वर्षांची हमी जाहीर केली. तळमजल्यावरचे आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणाले, "सात वर्षं? म्हणजे माझ्यापुरती जन्माची झाली की!" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना अबोली रंग हवा होता, पण कार्डावर अबोली नावाचा रंग नव्हता. होता तो अबोलीच, पण इंग्रजीत बोलत होता.

त्या मुलाने सांगितलं, की असे रंग म्हणे अमेरिकेत फ्लोरिडा आणि ॲरिझोना इथे तपासतात. एकीकडे दमट ऊन, दुसरीकडे कोरडं रखरखीत. तिथे मोकळ्या माळावर मांडव घातल्यासारख्या चौकटी उभ्या करून त्यांवर रंगवलेले पत्रे दक्षिणेकडे तोंड करून तिरपे मांडतात आणि वर्षानुवर्षं उन्हापावसात ठेवून देतात. घाई असेल त्यांच्यासाठी झेनॉनचे दिवे लावलेली पेटी असते. तिच्यात काही वर्षांचं ऊन काही आठवड्यांत उरकता येतं.

"म्हणजे पापड," काकू म्हणाल्या. "वाळवण घातल्यासारखंच की! आणि कावळे हाकायला कोणाला बसवतात?"

मुलाकडे याचं उत्तर नव्हतं. आजोबांनी मात्र मुद्द्याला हात घातला. ते उठले, जिन्याबाहेरच्या जुन्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि पांढरा झालेला पंजा सभेला दाखवला. "हे काय?" मुलाने नीट समजावून सांगितलं. बाहेरच्या रंगात दोन गोष्टी असतात : एक रंगाची भुकटी आणि दुसरा तिला भिंतीला धरून ठेवणारा चिकटा. पुष्कळदा ऊन भुकटीचं काही वाकडं करू शकत नाही. ते चिकट्यालाच खाऊन टाकतं. मग धडधाकट भुकटी मोकळी होते आणि टेकणाऱ्याच्या सदऱ्याला लागते. आजोबा म्हणाले, "कळलं. आमच्या वाड्याचं असंच झालं. भाऊ सगळे चांगले होते. धरून ठेवणारी आई गेली."

सभेत क्षणभर कुणी बोललं नाही. मग सेक्रेटरींनी ठराव मांडला आणि इमारतीला, सालाबादप्रमाणे, फिकट पिवळा रंग मंजूर झाला.

पिवळा निवडणं म्हणजे धाडस. कुठल्याही चौकात उभं राहून जुने पोस्टर पाहा. निवडणुकीला उभे राहिलेले नेते, पाच वर्षांपूर्वी लागलेल्या सिनेमातली नायिका, हेअर कटिंग सलूनच्या काचेवरचा तो हसरा तरुण, सगळे निळे पडलेले असतात. छपाईत चार शाया लागतात : पिवळी, गुलाबीसर लाल, आकाशी निळी आणि काळी. उन्हात पिवळी आणि लाल आधी हाय खातात. निळी आणि काळी शेवटपर्यंत किल्ला लढवतात. काळी म्हणजे शेवटी काजळीच, तिला आणखी कोण जाळणार? आणि निळी तर अपघाताने जन्माला आलेली. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात एक पांढरा पदार्थ तयार करत असताना भांड्याच्या आतल्या अस्तराला तडा गेला, खालचं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्यात निळं काहीतरी दिसू लागलं. त्या डागाचा माग काढता काढता तांब्याचा अंश असलेला हा चिवट निळा हाती लागला आणि १९३५ साली विक्रीला आला. त्याच्या कृपेने आमच्या चौकातला प्रत्येक पराभूत उमेदवार पुढच्या निवडणुकीपर्यंत हलाहल पचवलेल्या नीलकंठासारखा दिसतो.

हे निळं पडणं थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. व्हॅन गॉगने १८८८ साली आर्लमधल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं. त्यातल्या निळ्या भिंती जगाला पाठ आहेत. पण त्याने पत्रात लिहून ठेवलंय, की भिंती फिकट जांभळ्या आहेत. जांभळ्यातला लाल रंग उन्हाला कच्चा होता; तो उडाला, निळा मागे राहिला. आणि गंमत म्हणजे नवे रंग टिकाऊ नाहीत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. भावाला त्याने तसं कळवलंही होतं, आणि त्यावर उपाय कोणता काढला? तर रंग आणखी भडक लावायचे. पुढे काळ त्यांना हवं तेवढं सौम्य करेलच. विटणार हे माहीत असलेला माणूस हात आखडता घेतो, असा आपला अनुभव. या गृहस्थाने उलट सढळ हाताने लावला.

आमचे रंगखात्यातले स्नेही यावर म्हणाले, "टिकणारे रंग बघायचेत तर अजिंठ्याला जा." तिथला लाल आणि पिवळा म्हणजे गेरू आणि पिवळी माती. लोखंडाचा गंजच तो. जो आधीच गंजून बसला आहे, त्याला ऊन आणखी काय गंजवणार? सोसायचं ते सगळं आधीच सोसून मगच तो रंग म्हणून कामाला लागतो. चार पावसाळे जास्त पाहणं म्हणजे खरं तर हे. हिरवा मातीचाच, काळा काजळीचा. निळा मात्र अफगाणिस्तानातून आलेल्या मौल्यवान दगडाचा, लाजवर्दाचा. तोच निळा फ्रान्समध्ये १८२८च्या सुमारास कारखान्यात करता यायला लागला, आणि पुढे त्याची पूड इतकी स्वस्त झाली, की आमच्या आईने ती धोतरं पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून बादलीत ढवळली. बोधिसत्त्वाच्या गुहेतला निळा आणि आमच्या मोरीतला निळा एकच. उन्हापुढे तो छाती काढून उभा राहतो आणि लिंबाच्या रसाने मरतो. प्रत्येकाचं काही ना काही दुखरं असतंच.

पण अजिंठ्याची खरी गोष्ट पुढे आहे. चित्रं खराब होतायत, निदान त्यांच्या नकला तरी जपून ठेवू, म्हणून मेजर रॉबर्ट गिलने त्या गुहांत वर्षानुवर्षं बसून मोठमोठ्या प्रती केल्या. त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा तेच काम केलं. त्याही प्रती लंडनला गेल्या, आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. ज्यांचं काही खरं नाही म्हणून ही धावपळ केली ती मूळ चित्रं, ओरखडलेली, काळवंडलेली, जागोजाग निखळलेली, अजून भिंतीवर आहेत. कडेकोट जपणं म्हणजे वाचवणं, या समजुतीला एवढा खर्चिक धक्का दुसरा नसेल.

याचा अर्थ जपू नये असा नाही. नाजूक कापडाला आणि जलरंगातल्या चित्रांना संग्रहालयात पन्नास लक्सच्या वर उजेड देत नाहीत. म्हणजे आपल्याकडे वीज जाता जाता राहिल्यावर दिसतं तितपत. अजिंठ्यात फ्लॅश मारायला बंदी आहे. पहारेकरी ओरडतो तेव्हा राग येतो, पण त्याचं बरोबर असतं. प्रत्येक रंगाकडे बघून घेण्यापुरता उजेडाचा साठा ठरलेला असतो, आणि अजिंठ्याच्या साठ्यात अजून जन्माला न आलेल्या माणसांचाही वाटा आहे. तो आपण खर्च करायचा नाही. प्रश्न उरतो तो आपल्या वाट्याला आलेल्या रंगांचा. ते तरी आपण खर्च करतो का?

आमच्या आत्याचा एक डाळिंबी शालू होता. होता म्हणजे तो आहे, आत्या नाही. तिने तो मोजून तीन वेळा नेसला : स्वतःच्या लग्नात, माझ्या आईवडिलांच्या लग्नात आणि एका मुंजीत. बाकी जन्मभर तो ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात. कुणी नेस म्हटलं की ती म्हणायची, "नको गं, ऊन लागून रंग जाईल." रोज मात्र ती हिरव्या सुती लुगड्यांत असायची. ती लुगडी दगडावर आपटून आपटून आणि अंगणातल्या उन्हात वाळून वाळून अशी विटली होती, की त्यांच्या रंगाला कुठल्याही शेड कार्डावर नाव सापडलं नसतं. विरली तेव्हा तिने त्यांच्या गोधड्या शिवल्या. आम्ही भावंडं त्यांत वाढलो. नव्या कापडाला ती मऊ ऊब येत नाही. त्यासाठी कापडाने रंग द्यावा लागतो.

ती गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी ट्रंक आमच्याकडे आली आणि शालू उघडला. डाळिंबी रंग असा झळझळीत, की खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडून एकदमच 'आहा' निघालं. मग घडी उलगडली, आणि जिथे जिथे घडी पडली होती तिथे तिथे रेशीम सुरीने कापल्यासारखं चिरलेलं. चाळीस वर्षं एकाच घडीवर दुमडून राहिल्यावर दुसरं काय होणार? दुकानदाराचा शब्द खरा झाला होता. कापड गेलं होतं, रंग गेला नव्हता.

न विटण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे उजेडात न येणं, असं माझा तर्क सांगत होता. पण तोही उपाय खात्रीचा नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातले लग्नाचे रंगीत अल्बम उघडून बघा. कपाटाच्या अंधारात, कापडात गुंडाळून ठेवले, तरी सगळं वऱ्हाड कशावरून तरी भडकल्यासारखं लालबुंद झालेलं असतं. त्या काळच्या फोटोतला निळसर थर अंधारातही आपला आपण विझत गेला. रस्त्यावरचं पोस्टर निळं पडतं, कपाटातला अल्बम लाल पडतो. उन्हात जा नाहीतर अंधारात बसा, जायचं ते जातंच. फक्त उन्हात जाताना चार माणसांनी बघितलेलं तरी असतं.

सूनबाईंनी शालू उचलला. "बाबा, काठ आणि पदर धड आहेत. आतून मलमल लावून घेते. आमच्या ताईच्या लग्नात नेसू?"

घरात दोन पक्ष पडले. आमची ही म्हणाली, "लग्न लॉनवर, सकाळचा मुहूर्त. उघड्यावर उन्हात! आत्यांनी जन्मभर जपला तो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या विषयावर मी इतकी वर्षं घरात बोलत आलो होतो, की निवाडा माझ्याकडे येणं भागच होतं.

मी कागद-पेन्सिल घेतली. भर उन्हाचा उजेड साधारण एक लाख लक्स. तीन तास धरले तर तीन लाख. संग्रहालयात पन्नास लक्स, रोज आठ तास, म्हणजे दिवसाला चारशे. तीन लाखांना चारशेने भागलं : साडेसातशे दिवस. "या एका सकाळीत," मी जाहीर केलं, "शालू संग्रहालयातल्या दोन वर्षांइतका विटेल."

"आणि त्या दोन वर्षांत," सूनबाईंनी विचारलं, "काचेच्या आत त्याला कुणी मिठी मारली असती का?"

याला लक्समध्ये उत्तर नाही. मी निवाडा दिला : नेसावा. आत्याच्या हयातीत हा निवाडा द्यायची पाळी माझ्यावर आली नाही. आली असती तरी तिने तो मानला नसता. तिला दोष नाही. ज्यांच्या वाट्याला एकच शालू येतो, ती माणसं तो जपतात. आपल्याकडे कपाटं भरली आहेत, आणि तरी आपण चांगला कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर सणासाठी आणि चांगला शब्द शोकसभेसाठी राखून ठेवतो. रंग जाईल म्हणून.

लग्नात शालू उन्हात नुसता पेटला. आत्याच्या वयाच्या दोन म्हाताऱ्यांनी तो ओळखला, पदर हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आमच्या हिनेही विरोध मागे घेऊन सुनेचे चौदा फोटो काढले. रात्री घरी आल्यावर दोघींनी मिळून शालूची घडी घातली. जुन्या घडीवर नाही. चिरा वाचवून, मुद्दाम नव्या जागी दुमडून. आणि ट्रंकेत न ठेवता हाताशी येईल अशा कपाटात ठेवली, कारण दिवाळीत लेक नेसणार म्हणत होती.